पेंटेड लेडीची रिकामी जागा

ईशाने गेल्या आठवड्यात फोनवर एक फोटो पाठवला. खिडकीच्या पांढऱ्या चौकटीवर मोहरीपेक्षा जरासा मोठा एक ठिपका, आणि मापासाठी शेजारी ठेवलेलं तिचं बोट. खाली लिहिलं होतं, ‘आजी, हे काय आहे? मम्मी म्हणते स्प्रे आणू या.’ मी चष्मा न लावता उत्तर दिलं. त्यावर तुमच्या मम्मीचा, म्हणजे माझ्या लेकीचा, लगेच फोन आला. "आई, तुझा अजून पासपोर्टसुद्धा निघालेला नाही, आणि इंग्लंडमधल्या खिडकीतला किडा तुला कोल्हापुरात बसून ओळखता येतो?" मी म्हटलं, येतो, आमची ओळख जुनी आहे. ती कशी झाली ते तिलाही मी कधी नीट सांगितलं नव्हतं. माझ्या या वहीत शाळेच्या प्रकरणानंतर थेट नोकरीचं प्रकरण होतं. आता दोन्हींच्या मधे चार कोरी पानं डकवून हे लिहिते आहे. ईशा आणि नील, तुमच्या मम्मीकडून हे सावकाश वाचून घ्या.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शक मांडून ठेवायचे, मुलांनी चिरलेले बेडूक नेऊन पुरायचे, ही त्यांची कामं. पण त्यांचा जीव होता तो भिंतीकडच्या काचेच्या झाकणाच्या चार लाकडी पेट्यांवर. पूर्वी कधीतरी तिथे शिकवणारा एक इंग्रज प्राध्यापक मायदेशी परतताना त्या पेट्या मागे ठेवून गेला होता. दोन पेट्यांत फुलपाखरं, एकीत पतंग, एकीत भुंगेरे. सगळे ब्रिटनमधले. प्रत्येकाच्या पाठीतून टाचणी आणि टाचणीखाली कागदाची इवलीशी चिठ्ठी, तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरात नाव. आबा सातवी शिकलेले. इंग्रजी अक्षरं ते या चिठ्ठ्यांवरून शिकले. ‘पी’ म्हटलं की त्यांना पीकॉक हे फुलपाखरू आठवायचं, ‘बी’ म्हटलं की पिवळंधमक ब्रिमस्टोन. कोल्हापुरातल्या सदर बझारात राहणाऱ्या माणसाची इंग्रजी बाराखडी अशी पंख पसरून टाचणीला लावलेली होती.

पेट्यांबरोबर ब्रिटनमधल्या कीटकांवरचं एक जाड पुस्तकही मागे राहिलं होतं. त्यात प्रत्येक कीटकाला एक परिच्छेद, आणि प्रत्येक परिच्छेदाचा शेवट एकाच मथळ्याने, ‘ओळखायचं कसं’. विभागप्रमुख इनामदार सरांच्या परवानगीने आबा ते शनिवारी घरी आणायचे आणि सोमवारी परत न्यायचे. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून आलो, की आई चुलीवर भाकरी थापायला बसायची आणि मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन. मी वाचायचे, अडले की आबा म्हणायचे, "पुन्हा वाच, घाई न्हाय." भाकरीची थाप, पाट्यावर खर्डा वाटल्याची खरखर, शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीचं हंबरणं, आणि मधेमधे माझं अडखळतं इंग्रजी. मला ‘हाऊ डू यू डू’ येण्याआधी कुंपण, अंगाला खाज आणणारं झुडूप आणि ब्लॅकबेरीची काटेरी जाळी यांना इंग्रजीत काय म्हणतात ते येत होतं. पुढे मी एम. ए. झाले, तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, पण माझं इंग्रजी असं काट्याकुट्यातून आलेलं आहे हे मी कुणाला सांगितलं नाही.

आमच्या घराला वास होता डांबरगोळ्यांचा. पेट्यांना कीड लागू नये म्हणून आबा दर सोमवारी प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात एकेक डांबरगोळी ठेवायचे. तो वास त्यांच्या सदऱ्यात, केसात, जेवताना ताटाशी टेकलेल्या हातात असायचा. आई म्हणायची, "ह्या माणसाला कसर लागायची न्हाय कधी."

आता आबांची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी फार लहान होते. पंचशील आम्ही सगळेच म्हणायचो. जीवहत्या करणार नाही हे त्यातलं पहिलं शील. बाकीचे ते म्हणून उठायचे, आबा ते घेऊन उठायचे. त्यामुळे कीटकांच्या खात्यात नोकरी करूनही त्यांनी कधी एक फुलपाखरू पकडलं नाही. मुलांना शिकवायला इकडचे कीटक लागायचे, तेव्हा ते पहाटे बाहेर पडून रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांखाली मेलेले पतंग वेचायचे. मीही बरोबर जायचे. आमच्या हातात काड्यापेटी असायची आणि तिच्यात कापूस. पाय हलतोय असं दिसलं तर आबा तो पतंग उचलून झुडपात ठेवायचे. "ह्याचं अजून काम शिल्लक हाय," म्हणायचे.

मी बारा वर्षांची झाले त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला डांबरगोळ्यांचा पुरवठा थांबला. मागणीचा कागद कुठल्यातरी टेबलावर पडून राहिला आणि आबांनी पेट्यांत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवून वेळ निभावली. श्रावणात एके दिवशी त्यांना फुलपाखरांच्या पेटीत दोन-तीन केसाळ अळ्या दिसल्या, तांदळाच्या कणीएवढ्या, तपकिरी. दुसऱ्या कुणी त्या चिमटीत चिरडल्या असत्या. आबांनी रंगाच्या कुंचल्याने त्या अलगद उचलल्या आणि खिडकीबाहेरच्या कठड्यावर सोडल्या. तिथे वर चिमण्यांचं घरटं होतं, खाली गवत होतं. जगतील बिचाऱ्या. पुढच्या आठवड्यात आणखी पाच निघाल्या, त्याही सोडल्या. घरी येऊन त्यांनी हे समाधानाने सांगितल्याचं मला आठवतं. ते बोलले तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवरच होतं. पण आमची एक खोड होती. आम्ही फुलपाखरांची पानं पुन्हा पुन्हा वाचायचो, पतंगांची कधीमधी, आणि भुंगेऱ्यांची मोठमोठ्या शिंगवाल्यांपाशी थांबून बाकीची ओलांडून जायचो. बारीक, मळकट, ठिपक्याठिपक्यांच्या भुंगेऱ्यांमध्ये काय बघायचं?

दसरा झाला. आबा एका शनिवारी कॉलेजातून आले ते चप्पल न काढताच ओट्यावर बसले. आईने पाण्याचा तांब्या दिला, तो हातातच राहिला.

"पेंटेड लेडी गेली," ते म्हणाले.

"कोण बाई गेली?" आई आतून म्हणाली.

"फुलपाखरू गं. पेटीतलं. नुसती टाचणी राहिलीय. खाली भुगा."

पेंटेड लेडी हे त्या पेटीतलं मधोमध बसवलेलं फुलपाखरू. नारिंगी अंगाचं, पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्यांवर पांढरे ठिपके. आईने हात पुसत बाहेर येऊन विचारलं, "मग? एक किडा किड्यानं खाल्ला. तुमी कशाला तोंड पाडून बसलाय?"

कशाला ते आबांनी सांगितलं. ते तोवर सहा वर्षं हंगामी होते. त्यांना कायम करण्याचा कागद तयार होता, सरांच्या सहीसाठी थांबला होता. आणि पंधरा दिवसांनी विद्यापीठाची समिती विभाग बघायला येणार होती. विभागात दाखवण्यासारखं होतं तरी काय? त्या चार पेट्या. सर ओरडले नव्हते. ते ओरडणारे नव्हतेच. ते फक्त म्हणाले होते, "कांबळे, एखादं इकडचं नारिंगी फुलपाखरू पकडून त्या टाचणीला लावून टाका. पाहुणे चहा घेऊन जातात, कुणी वाकून बघत नाही. पण जागा रिकामी दिसली, तर तुमच्या कागदावर मी सही कशी करू?"

मी पुस्तक काढलं. पेंटेड लेडीचा परिच्छेद मला पाठ होता, तरी बोट ठेवून वाचला. हे फुलपाखरू जवळजवळ साऱ्या जगात आढळतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे दुसरं कुठलं नारिंगी फुलपाखरू लावून फसवायची गरजच नव्हती. हेच इकडेही मिळणार होतं. मला केवढा आनंद झाला. आबा मात्र तसेच बसून राहिले. मिळणार होतं, पण जिवंत.

"मेलेलं घावलं तर बघू," ते म्हणाले.

आठ दिवस आम्ही मेलेलं पेंटेड लेडी शोधलं. रंकाळ्याच्या काठाने, पंचगंगेलगतच्या मळीच्या रानात, पेठ वडगावला आत्याच्या शेताच्या बांधावर. फुलपाखरं दिव्याखाली मरत नाहीत. ती कुठे मरतात ते मला आजही माहीत नाही. शनिवारी आईचा धीर सुटला. मच्छरदाणीचा एक फाटका तुकडा तारेच्या कड्याला शिवून तिने जाळं तयार केलं आणि माझ्यापुढे टाकलं.

"सुजे, तू धर. तुझ्या बाला न्हाय जमायचं."

"तिला का ह्यात वढतीस?" आबा म्हणाले.

"मग तुमी धरा. सा वर्सं हंगामी हाय माझा संसार. त्या किड्यास्नी सोडलासा, त्यांनी तुमाला सोडलं काय?"



रविवारी आबा आणि मी जोतिबाच्या डोंगरावर गेलो. ही फुलपाखरं उघड्या, उंच माळावर ऊन खात बसतात असं पुस्तक म्हणत होतं, आणि आमच्या माहितीतला उंच माळ तोच. दीक्षेनंतर आबा जोतिबाला कधी गेले नव्हते आणि रविवार हा देवाचा वार. एस. टी.तून उतरलो तेव्हा रस्ता, पायऱ्या, माणसांची कपाळं, सगळं गुलालाने गुलाबी झालं होतं. एका दुकानदाराने आबांना हटकलं.

"पावणं, नारळ-गुलाल न्या की. देवाकडं तसंच रिकामं जाताय व्हय?"

"देवाकडं न्हाय, पलीकडं जातोय."

"पलीकडं काय हाय? नुसता माळ हाय." मग त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "आन ह्ये जाळं कशाला? डोंगरावर मासं घावत्यात व्हय?"

आबा हसले. त्या आठवड्यात ते तेवढंच हसले. आम्ही देवळाला वळसा घालून पाठीमागच्या माळावर गेलो. सोनकीची शेवटची फुलं वाऱ्यावर हलत होती, ढोलांचा आवाज मागून पुसट येत होता. एका झुडपाशी बसून आम्ही भाकरी, खर्डा आणि कांदा खाल्ला. पाणी प्यायला मी मान वर केली आणि पंधरा हातांवर, तापलेल्या कातळावर ते दिसलं. पंख सपाट पसरलेले. काळी टोकं, पांढरे ठिपके. पेटीतल्यापेक्षा कितीतरी उजळ, आणि श्वास घेतल्यासारखं हलकेच मिटणारं, उघडणारं. जाळं घेऊन उन्हाकडे तोंड करून गेले, म्हणजे माझी सावली त्याच्यावर पडणार नव्हती. पुस्तकात तसंच सांगितलं होतं. जाळं टाकलं. सापडलं.

जाळ्यात हात घालून मी ते दोन बोटांत धरून बाहेर काढलं. पंख मिटल्यावर खालची बाजू दिसली, मागच्या पंखावर डोळ्यांसारखे बारीक ठिपके ओळीने. ओळखायचं कसं, त्यातली एकेक खूण जुळत होती. पुढे काय करायचं तेही पुस्तकात होतं. छातीपाशी चिमटीत एकदा दाबायचं, क्षणाचं काम. माझ्या बोटांखाली त्याची धडधड जाणवत होती, की माझीच, कळत नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. ते भाकरीचं फडकं झटकत उभे होते, माझ्याकडे पाठ करून. फडकं झटकून झालं होतं तरी झटकत होते. माझ्या आबांनी माझ्याकडे पाठ केलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी दाबलं असतं तर ते वळले असते, बरं झालं म्हणाले असते, कायम झाले असते, आणि तरी पुन्हा कधी पूर्ण वळले नसते असं मला वाटलं. बारा वर्षांच्या मुलीला हे या शब्दांत सुचलं नव्हतं. तिने फक्त बोटं सोडली.

"आबा," मी हाक मारली, "निसटलं."

ते वळले. "निसटलं?"

"व्हय. जाळं फाटकंच हाय."

"असू दे," ते म्हणाले, आणि माझ्या हातातून जाळं घेतलं. उतरताना त्यांनी मला शेंगदाणे घेऊन दिले. खोटं बोलणार नाही हे पंचशीलातलं चौथं शील. पहिलं वाचवताना मी चौथं मोडलं. तेव्हा मला त्याचं भारी वाईट वाटलं होतं. आज तितकं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. समितीच्या आधी खोली झाडून ठेवायची म्हणून आबा गेले, मीही गेले. मी खिडकी पुसायला घेतली. चौकटीच्या खाचेत धुळीची रेघ होती, दोन मेलेल्या माश्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी पाय मुडपून पडलेला एक ठिपका. बोटाच्या टोकावर घेतला तर गोल पाठीवर काळी, पिवळसर आणि पांढरी नक्षी, एखाद्या गोधडीसारखी. इतका लहान आणि इतका नेटका. मी पुस्तक उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भुंगेऱ्यांची ती ओलांडलेली पानं एकेक करून वाचली. तो भुंगेऱ्यांच्या एकोणिसाव्या पानावर होता. म्युझियम बीटल, म्हणजे संग्रहालयातला भुंगेरा. मोठा झाला की फुलांवर राहतो, मरायला खिडकीच्या काचेशी येतो. पिल्लं केसाळ, तपकिरी. पक्ष्यांच्या घरट्यात वाढतात, आणि वाळलेले कीटक खातात.

मी मोठ्याने वाचत होते. ‘पक्ष्यांच्या घरट्यात’ हे शब्द आले तेव्हा आबांनी खिडकीवरच्या चिमण्यांच्या घरट्याकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसले. "म्हंजे मी त्यांना घरातच न्हेऊन ठेवलं की गं," ते म्हणाले. सोडलेल्याच अळ्या मोठ्या होऊन परत आल्या, की पेटीतच अंडी उरली होती, कोण जाणे. मग आबा हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ते हसणं आहे की दुसरं काही म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"ह्यो मेलेला हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मेलेला."

"आन ब्रिटिश?"

"पुस्तकात हाय म्हंजे ब्रिटिशच. आन आपल्या पेटीत न्हाय."

आबांनी त्याला कागदाच्या त्रिकोणी टोकावर डिंकाने चिकटवलं, इतक्या लहानाला टाचणी टोचत नाहीत, आणि तो कागद पेंटेड लेडीच्या जागी लावला. चिठ्ठी मला लिहायला सांगितली. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ‘म्युझियम बीटल. या खोलीच्या खिडकीत मेलेला सापडला. इथे असलेलं पेंटेड लेडी याच्या पिल्लांनी खाल्लं.’ मी म्हटलं, आबा, सर रागावतील. ते म्हणाले, "रागावू देत. खरं हाय ते लिव्ह." मग घरी येऊन ते आईला घेऊन विहारात गेले, तिथल्या जळून उरलेल्या मेणबत्त्यांची बुडखं मागून आणली. आईने ती वाटीत वितळवली आणि त्या दोघांनी दोन दिवसांत चारही पेट्यांच्या फटी मेणाने बुजवल्या. आई कपाळाला हात लावत होती, पण मेण तिनेच जास्त सफाईने भरलं.

समिती आली त्या संध्याकाळी आबांनी जे सांगितलं ते मी सांगते. तिघांनी चहा घेतला. त्यातले सगळ्यात वयस्कर, काठी टेकत चालणारे गृहस्थ पेट्यांपाशी गेले. आणि वाकले.

"वाकलेच?" आईने विचारलं. तिची भाकरी तव्यावर करपत होती.

"वाकलं. खिशातनं भिंग काढलं. चिठ्ठी दोनदा वाचली. मग सरांना म्हणालं, हे कुणी ओळखलं? सर माझ्याकडं बघाय लागलं. मी म्हटलं, माझ्या पोरीनं, साहेब. आन त्या अळ्या सोडल्यात्या मी."

"ते कशाला सांगायचं वो!"

"चिठ्ठीत अर्धं लिवलंय, अर्धं तोंडानं सांगितलं. त्यांनी इचारलं, सोडल्या का? म्हटलं, पंचशील घेतलंय. तर म्हणालं, मग आता पुढं काय करणार? म्हटलं, आता आत शिरूच देत न्हाय. मेण दाखवलं."

"मग?"

"मग बोट फिरवलं त्या मेणावरनं. जाताना पुस्तक मागून घेतलं आन एकोणिसावं पान वाचत बसलं, मोटार आली तरी."

इनामदार सर महिनाभर आबांशी कामापुरतंच बोलले. मग एकाच दिवशी त्यांनी दोन कागद हातात दिले. एकात निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद होती. दुसरा कायम केल्याचा होता. आबांनी दोन्ही एकत्र घडी करून ट्रंकेत डांबरगोळीखाली ठेवले. ते आता माझ्याकडे आहेत, क्रमाने लावलेले, आधी ताकीद.

आबा खूप म्हातारे झाल्यावर एकदा, मी त्यांची नखं कापत असताना, मधेच म्हणाले, "जोतिबाच्या माळावर ते निसटलं न्हवतं."

मी नखं कापत राहिले. "तुम्ही तर पाठ करून उभे होता."

"तुझ्या बोटास्नी रंग लागलाता. नारिंगी. येताना एस. टी.त शेंगदाणं खाताना बघितला." आणि मग दुसरा हात पुढे केला.

ईशा, तुझा फोटो मी मोठा करून पुन्हा पाहिला. भुंगेऱ्याचे पाय मुडपलेले आहेत, तो आपलं आपण मेलेला आहे आणि तुझं बोट स्वच्छ आहे. मम्मीला सांग, स्प्रे नको. लोकरीचे कपडे काढून उन्हात घाला, कपाटाच्या फटी बुजवा. आणि खिडकीवर चिमण्यांचं घरटं आहे का, तेवढं बघून कळव.